बेचाळिसावी कविता

स्टेट कॉलेज, १२ जानेवारी २०२५

सिद्धेश,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

अक्षर एवढं मोठं बघून दचकू नकोस. माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. एक डोळा आधीच अधू होता, थंडी सुरू झाली तशी दुसऱ्यानेही दगा दिला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात आणि नाक गायब. पद्मिनीला म्हटलं, तुझ्या बाबतीत बरंच झालं म्हणायचं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पद्मिनी म्हणजे मागच्या रस्त्यावरची पद्मिनीमावशी, जिच्या मेलबॉक्सवर तू सायकल घातली होतीस. हल्ली मला गाडीतून तीच नेते-आणते. जाड मार्करने लिहिता येतं, हाताला सवय आहे. लिहिलेलं मलाच वाचता येत नाही, त्यामुळे ओळीवर ओळ चढली असेल तर समजून घे.

आठ वर्षांनी लिहिते आहे आणि कामासाठी लिहिते आहे. आधी सगळ्यांची खुशाली विचारून मग हळूच काम काढणाऱ्यांतली मी नाही, हे तुला माहीत आहे.

क्लीटसच्या सात वह्या आहेत. नाव वाचून कागद खाली ठेवला असशील तर पुन्हा उचल.

हात थरथरायला लागल्यापासून त्याला कविता लिहिता येईना. फोनला सांगून बघितलं, तर तो शहाणा फोन याच्या बोलण्यातले थांबे गाळायचा आणि पिट्सबर्गची बोली सुधारून द्यायचा. शेवटी याने फोन भांड्यांच्या सिंकमध्ये टाकला. मग मी लिहून घ्यायला बसले. माझं इंग्रजी लिहिणं तुला ठाऊकच आहे, प्रत्येक स्पेलिंगपाशी अडणारं, आणि तो काही माझ्यासाठी थांबणारा नव्हता. म्हणून मी सरळ देवनागरीत लिहायला लागले. शब्द त्याचे इंग्रजी, अक्षरं आपली, जसं कानावर पडेल तसं. सहा वर्षं आम्ही असंच काम केलं. एक्केचाळीस कविता झाल्या. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

आता ती पेन्सिल मला वाचता येत नाही. पद्मिनीने वाचून पाहिलं. तिच्या तोंडून क्लीटस गिरगावातला वाटतो, आणि निम्मे शब्द कुठले आहेत तेच कळत नाही. पिट्सबर्गच्या ज्या प्रकाशक बाई हे पुस्तक काढणार आहेत, त्यांना मेअखेर टाइप केलेलं हवं आहे, नाहीतर त्या नाद सोडणार. देवनागरी येणारा आणि पिट्सबर्गची बोली कानात असलेला माणूस हवा. आपण या गावात येण्याआधी तू तिथल्या शाळेत सहा वर्षं काढलीस, आणि दर रविवारी माझ्यासमोर बसून रडत बाराखडी गिरवलीस. असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

क्लीटसला आता विचारता येण्यासारखं नाही.

करशील का?

आई


स्टेट कॉलेज, २ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

तुझं उत्तर नाही. पद्मिनी म्हणते, "अगं, तू त्याला अर्धंच सांगितलंस. त्याला काय स्वप्न पडणारे?"

तर पूर्ण सांगते. क्लीटस गेला. सतरा ऑक्टोबरला सकाळी, हॉस्पिटलात. मागच्या पत्रात मी ते चलाखीने टाळलं. हे वाचून तुला हायसं वाटेल, अशी मला भीती वाटली. तुझा तो सुटका झालेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मार्कर पुढे सरकेना.

तू त्याला 'दॅट मॅन' म्हणायचास. तो कोण होता हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही रागाच्या भरात सांगितलं नाही. क्लीटस हॉलोवे. बाप पोलादाच्या कारखान्यात, आई लोकांच्या घरचे कपडे इस्त्री करायची. हा सव्वीस वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करत उभा होता. एकेक पाकीट खणात टाकायचं, त्याच ठेक्यावर मनात ओळ जुळवायची, आणि शनिवारी एका क्लबात ड्रम, बास आणि सॅक्सोफोनच्या सोबतीने ती म्हणायची. चार ओळी म्हणून हा थांबायचा, ड्रमवाला तेवढ्याच वेळात त्याला उत्तर द्यायचा, की पुन्हा हा. आपल्याकडची जुगलबंदीच, फक्त एकाच्या हातात वाद्याऐवजी शब्द. तीन बारीक पुस्तकं निघाली. जाणकारांनी वाखाणली. पोस्टातल्या सोबत्यांना तो गेल्यावर पेपरात वाचून कळलं की आपला क्लीटस कवी होता.

इथल्या विद्यापीठाने त्याला एका सेमिस्टरपुरतं या गावात बोलावलं तेव्हा बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी माती तपासायच्या लॅबमध्ये डब्यांना लेबलं लावत होते. लायब्ररीत दुपारी कार्यक्रम आहे आणि कॉफी फुकट आहे, म्हणून गेले. अर्ध्याहून जास्त कळलं नाही. पण तो थांबला की माझा श्वास थांबत होता. संपल्यावर जाऊन त्याला म्हटलं, तुम्ही समेवर उशिरा येता, ते मुद्दाम का? तो हसायलाच लागला. म्हणाला, इतक्या वर्षांत असं मला कोणी विचारलं नाही, आणि सम म्हणजे काय ते आधी सांगा. ते सांगण्यात कॉफी गार झाली.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला माहीत आहे असं तुला वाटतं. बाबांचा फोटो हॉलमधून कधी हलला नाही. क्लीटस रोज उठून त्याला "मॉर्निंग, प्रल्हाद" म्हणायचा. मला आधी विचित्र वाटायचं. मग एखाद्या दिवशी तो विसरला तर मीच आठवण करायला लागले.

वह्या पाठवू का, एवढंच कळव.

आई


स्टेट कॉलेज, २६ फेब्रुवारी २०२५

सिद्धेश,

तुझी ईमेल पद्मिनीने वाचून दाखवली. "सेंड देम. नो प्रॉमिसेस. सॉरी फॉर युअर लॉस." तीन वाक्यं. पद्मिनी म्हणाली, "बघ, सॉरी म्हणालाय गं." मी म्हटलं, ऑफिसात कोणाचं कोणी गेलं की असंच लिहितात. ती घरी गेल्यावर मात्र मी रडले, हेही सांगून टाकते.

वह्या काल पाठवल्या. वाचण्याआधी थोडं समजून घे. जिथे ऽ हे चिन्ह आहे तिथे त्याने आवाज लांबवला आहे. लहानपणी माझ्या गाण्याच्या वहीत तू ते पाहिलं आहेस. आडवी रेघ म्हणजे श्वास. ओळीत नुसती शून्यं काढलेली दिसतील, ती ड्रमवाल्याची जागा. ती गाळू नकोस. एकदा मी पान वाचवायला चार शून्यांची दोन केली, तर याने ऐकताक्षणी पकडलं. म्हणाला, सँडी, तू त्या माणसाला वाजवूच दिलं नाहीस. मला सँडी म्हणायचा. संध्या त्याला जमायचं नाही असं नाही, पण सँडी त्याला जास्त शोभायचं.

पाचव्या वहीत डाग आहेत ते वरणाचे आहेत. आम्ही स्वयंपाकघरातच बसायचो. मी फोडणी टाकेपर्यंत तो गप्प राहायचा, मोहरी तडतडून थांबली की सुरू करायचा. मला घाई असली तरी त्याला नसायची. एकेका ओळीसाठी मी डाळ दोनदा गरम केली आहे.

एक विषय टाळून चालणार नाही. तुझ्या लग्नाला मी आले नाही. क्लीटस जिन्यावरून पडला, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. आणखी काय सांगू? माणूस मुहूर्त बघून पडत नाही. वरमाय म्हणून तुझी रेखाआत्या उभी राहिली, हे मला पद्मिनीने सांगितलं, आणि फोटोत ती माझ्यापेक्षा चांगली दिसते असंही वर सांगितलं. तू त्यानंतर "यू चोज", म्हणजे तू त्याला निवडलंस, एवढाच मेसेज पाठवलास. तो मी अजून पुसलेला नाही.

राग ठेव, पण कविता वाच.

आई


स्टेट कॉलेज, २३ मार्च २०२५

सिद्धेश, बाळा,

तू टाइप करून पाठवशील असं धरलं होतं. स्वतःच्या आवाजात म्हणून रेकॉर्ड करून पाठवशील हे कुठून माझ्या मनात येणार? पद्मिनीने फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि आपल्या स्वयंपाकघरात क्लीटस बोलायला लागला. तुझा आवाज आणि त्याची चाल. शब्दाचं शेपूट तसंच सोडून दिलेलं, चार शून्यांना चार मात्रा पूर्ण मोजलेल्या. इस्त्री करणाऱ्या आईची कविता तू जशी म्हटलीस तशी त्याने स्वतः एकदाच म्हटली होती, सांगताना. नंतर त्याचा आवाजच बसला.

मध्येच मागून रेणूचा आवाज आला, "डॅडी, व्हाय आर यू टॉकिंग फनी?" पद्मिनीने तेवढाच भाग मला सात वेळा ऐकवला. माझ्या नातीचा आवाज मी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकला. घोगरा आहे. तुझाही होता.

आणि तू लिहितोस की रोज संध्याकाळी ऑफिसातून बॉथेलच्या घरी आल्यावर दोन पानं करतोस, माझी सून निधी ड्रमवाल्याच्या जागी टेबल वाजवते, आणि तुला "ही वॉज गुड, आई. आय डिडन्ट नो" असं वाटतं. हे वाक्य मी पाठ केलं आहे. तू मला जूनमध्ये बोलावलं आहेस. विमानतळावर व्हीलचेअर सांगतोस म्हणालास, ती नको, मी चालते.

रेणूला काय आवडतं ते कळव. मी रिकाम्या हातांनी येणार नाही.

तुझी आई


स्टेट कॉलेज, ९ एप्रिल २०२५

सिद्धेश,

तू विचारलंस ते पान. सातव्या वहीच्या शेवटी 'बेचाळीस' आणि खाली 'सिद्धेशसाठी' असा मथळा आहे, आणि त्याखाली कविता नसून दूध, कोथिंबीर, गोळ्या अशी यादी आहे, बरोबर?

चुकून झालं असेल. मथळा सांगून त्याला थकवा आला असेल आणि मी त्याच पानावर बाजाराचं लिहिलं असेल. शेवटी शेवटी आम्ही दोघेही भ्रमिष्टासारखेच होतो. ते पान सोडून दे. पुस्तक एक्केचाळिसांचंच आहे.

इथे अजून बर्फ आहे. पद्मिनी घसरली, पण काही मोडलं नाही.

आई


स्टेट कॉलेज, १४ एप्रिल २०२५

सिद्धेश,

मागचं पत्र खोटं होतं. पाच दिवस मी मार्कर उचलून पुन्हा खाली ठेवत होते.

बेचाळिसावी कविता होती.

तुझ्या लग्नाच्या वेळी क्लीटस जिन्यावरून पडला नव्हता. चांगला धडधाकट होता, माझी बॅग त्यानेच गाडीत ठेवली. तू फोनवर म्हणाला होतास, "आई, त्यालाही आण, आय डोन्ट माइंड. फक्त निधीच्या घरच्यांना नेबर आहे असं सांगू, ओके?" एवढंच म्हणाला होतास. तू अठ्ठावीस वर्षांचा होतास, सासरची माणसं नवी होती, तुझी धास्ती मला आज कळते. तेव्हा माझ्या डोक्यात नेबर हा एकच शब्द घण घालत राहिला. क्लीटसला मी तो सांगितला नाही. त्याने आपणहूनच ठरवलं होतं की पहिल्यांदा मी एकटीने जावं. त्याने मला विमानतळावर सोडलं. मी आत जाऊन खुर्चीत बसले. माझं नाव दोनदा पुकारलं. मी उठले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. पोराने मला लाज वाटण्यासारखी बाई ठरवलं, मग घे, लग्न कर तुझं तू, असं म्हणत बसून राहिले.

विमान गेल्यावर मी दोन फोन केले. तुला सांगितलं, क्लीटस पडला, मला येता येत नाही. त्याला सांगितलं, सिद्धेशचा फोन आला होता, येऊ नको म्हणाला. तो न्यायला आला. त्यानेच बॅग पुन्हा गाडीत ठेवली आणि मला घरी आणलं.

त्याने तुझ्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून तो स्वतःला आई आणि मुलाला तोडणारा माणूस समजत राहिला. मी ते बघत होते. खरं सांगायला आठ वर्षं हातात होती आणि मी रोज उद्यावर टाकत गेले.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी तो म्हणाला, "सँडी, एक मुलासाठी आहे. लिही." मथळा सांगितला, तो मी लिहिला. मग त्याने सुरुवात केली. पहिल्याच ओळीत तो तुझी माफी मागत होता. तुझ्या लग्नाच्या दिवशी तुझी आई त्याच्यामुळे तुला मिळाली नाही म्हणून. आणि तू तिला येऊ नको म्हणालास त्यात तुझं काही चुकलं नाही, असं सांगत होता. हे छापून आलं असतं, तुझ्या हातात पडलं असतं, आणि तू कधीच न म्हटलेलं वाक्य तुला तिथे दिसलं असतं. पेन्सिल थांबवली असती तर तो विचारात पडला असता. म्हणून मी हात चालू ठेवला आणि सुचेल ते लिहीत गेले. दूध. कोथिंबीर. त्याच्या गोळ्या. तो लांबवायचा तिथे मी ऽ काढत होते, तो थांबायचा तिथे शून्यं. त्याला देवनागरी येत नव्हती. पान नाकासमोर धरलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? सहा वर्षं ज्या भरवशावर तो मला सांगत आला, तो भरवसा मी अशा कामाला वापरला.

संपल्यावर म्हणाला, "वाच बघू." यादीवर नजर ठेवून मी आठवेल तेवढं म्हटलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि बरोबर आहे म्हणाला. शून्यांच्या घोळातही मला पकडणारा माणूस, त्या दिवशी त्याने काही पकडलं नाही. फार थकला होता, की मला सोडून दिलं, कोण जाणे.

मला त्यातलं अगदी थोडं आठवतं. मांडवात आला नसता, पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून आतली सनई ऐकत बसला असता, असं होतं. तू सायकलवरून पडलास तेव्हा आधी सायकलला लागलं का ते बघितलंस, हे मी त्याला सांगितलेलं, तेही त्याने आत घेतलं होतं. शेवटची ओळ अजिबात आठवत नाही. मी त्या वेळी 'बल्ब, साठ वॉट' लिहीत होते.

वह्या पाठवण्याआधी ते पान फाडायचं ठरवलं होतं. मला ते सापडेना, आणि पद्मिनीला शोधायला सांगितलं असतं तर तिने वाचलं असतं.

तू कवितांचं काम सोडलंस तर मी तुला दोष देणार नाही. जूनचं बोलावणंही धरून बसणार नाही. माझ्यावर वाटेल तेवढा रागाव, मला तो झेपेल. त्याच्यावर मात्र रागावू नकोस. त्याच्यावरचा सगळा राग मी तुला खोटं बोलून दिलेला होता.

आणखी एक राहिलं आहे, आणि तेच मला सांगवत नाही.

चार दिवसांनी त्याने विचारलं, "मुलाला वाचून दाखवलीस?" मी म्हटलं, हो, फोनवर. "मग? काय म्हणाला?" मी म्हटलं, शेवटपर्यंत ऐकली, मग म्हणाला, टेल हिम इट्स ओके. क्लीटस भिंतीकडे तोंड करून रडला. मग उठून बसला आणि भात मागितला, आणि कित्येक आठवड्यांत जेवला नव्हता तसा पोटभर जेवला. हॉस्पिटलात गेल्यावर येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगायचा, आमच्या मुलाचा फोन आला होता. आमच्या म्हणायचा. गेला त्या सकाळीही सलाइन बदलायला आलेल्या मुलीला त्याने तेच सांगितलं, आणि ती माझ्याकडे बघून हसली.

तू खरंच तसं म्हणाला असतास का, ते मला माहीत नाही. मी तुला विचारलंच नाही.

आई